कोल्ड बग नव्हताच: लातूरच्या गच्चीवरचं एक नायट्रोजन सेशन

आधी काय झालं ते सांगतो. मार्च संपत आलेला, लातूरला एका मित्राच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली आम्ही एएमडीचा जुना एफएक्स-८३५० प्रोसेसर लिक्विड नायट्रोजननं थंड करून ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवत होतो, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आणि पॉट, म्हणजे चिपवर बसवलेलं नायट्रोजन ओतायचं तांब्याचं भांडं, उणे १४० डिग्रीच्या खाली गेला की सिनेबेंच (सगळ्या कोरवर लोड देणारी टेस्ट) चालू केल्या केल्या मशीन जागच्या जागी थिजायचं. स्क्रीन आहे तशी, माऊस मेलेला, पंखे मात्र फिरतायत. जमलेल्या सगळ्यांनी दोन मिनिटांत निकाल लावला, कोल्ड बग आहे, चिप ठेवा बाजूला, दुसरी लावा. मला ते पटलं नाही. का पटलं नाही आणि शेवटी काय निघालं ते सविस्तर लिहितो, कारण हा शिक्का मारून चांगल्या चिपा कपाटात टाकलेल्या मी पाहिल्यात आणि ते मला खरंच बघवत नाही.

कोल्ड बग म्हणजे काय ते नवीन लोकांसाठी थोडक्यात. काही प्रोसेसर एका ठराविक थंडीच्या खाली कामच करत नाहीत, आतली सर्किटं त्या तापमानाला वेळेवर चालत नाहीत आणि सगळं गोठतं. थोडं गरम केलं की परत जिवंत. इंटेलच्या बऱ्याच पिढ्यांमध्ये हे आहे. आणि एफएक्स ही नेमकी त्याच्या उलट ख्याती असलेली मालिका आहे, पॉट काठोकाठ भरून उणे १९० ला चालवली तरी तक्रार करत नाही. म्हणून तर २०११ ला एएमडीच्या टीमने एफएक्स-८१५० लिक्विड हीलियमवर ८.४२९ गीगाहर्ट्झला नेऊन गिनीज रेकॉर्ड केलं, आणि २०१४ ला एफएक्स-८३७० वर ८.७२२ गीगाहर्ट्झ झालं, ते पुढं कितीतरी वर्षं कुणाला मोडता आलं नाही. २०२२ च्या शेवटी इंटेलच्या १३९००के ने ते मोडलं आणि २०२३ ला एल्मॉर नावाच्या ओव्हरक्लॉकरने १४९००केएफ हीलियमवर ९ च्या पार नेला. अशा मालिकेतली चिप उणे १४० ला मरतेय म्हटल्यावर आधी बाकी सगळं तपासायला पाहिजे.

एवढी जुनी चिप कशाला, असं विचारतात. एचडब्ल्यूबॉट ही या खेळाची नोंदवही, तिथं प्रत्येक मॉडेलची वेगळी क्रमवारी असते. म्हणजे जुन्या बाजारातून हजार-दीड हजारात उचललेल्या चिपवर पण जगाशी बरोबरीनं खेळता येतं. मित्राचं गंजगोलाईच्या बाजूला कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याचा धाकटा भाऊ नांदेडला इंजिनिअरिंगला. चिप धाकट्याने आणलेली, ९९०एफएक्स चिपसेटचा मदरबोर्ड दुकानातला. ओतायचं काम दुकानवाल्याचं, कीबोर्ड धाकट्याकडं आणि वही माझ्याकडं. वही फार महत्त्वाची आहे, पुढं कळेलच.

आता नायट्रोजन. पुण्या-मुंबईचे लोक विचारतात मराठवाड्यात लिक्विड नायट्रोजन कुठं मिळणार. अहो, गावोगावी आहे! जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच बुडवून ठेवतात, देवणीच्या असोत, लाल कंधारीच्या असोत नाहीतर जर्सीच्या. सरकारी कागदावर त्याला द्रवनत्र म्हणतात. छत्रपती संभाजीनगरला हर्सूलला तर गोठित रेत प्रयोगशाळाच आहे. उदगीरकडं खाजगी कृत्रिम रेतन करणारे एक काका आहेत, जार कसा हाताळायचा हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. पण एक गोष्ट कळकळीनं सांगतो, दवाखान्यातला द्रवनत्र कुणी मागू नका. जारमधली पातळी खाली गेली तर कांड्या खराब होतात आणि त्याचा फटका कुठल्या तरी शेतकऱ्याच्या गाईला बसतो, माज वाया जातो. आम्ही इंडस्ट्रियल गॅसच्या डीलरकडून विकत घेतला आणि ३५ लिटरचा जार एका डेअरीवाल्याचा रिकामा पडलेला होता तो मागून आणला. चांगला जार नुसता ठेवला तर दिवसाला अर्धा लिटरसुद्धा उडत नाही, त्यामुळं आदल्या दिवशी भरून आणला तरी चालतं.

आणायचा मात्र टेम्पोच्या उघड्या हौद्यातून, बंद गाडीत नाही. तोंडावरचं बूच ढिलंच असतं, ते तसंच ठेवायचं, टेप मारून आवळायचं नाही. १ लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो, त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर जार फुटतो. आणि हाच हिशोब खोलीला लावून बघा. दहा बाय दहाची खोली, उंची दहा फूट, म्हणजे २८ हजार लिटर हवा. त्यात १० लिटर नायट्रोजन उडाला की ७ हजार लिटर वायू झाला, खोलीतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास येतो. १९.५ च्या खाली धोक्याची पातळी मानतात. चक्कर येते हे कळायच्या आधी माणूस पडतो, गुदमरल्यासारखं वाटतच नाही. म्हणून गच्ची. धाकट्याला खाली खोलीत एसी लावून करायचं होतं, दुकानवाल्याने साफ सांगितलं, "वर चल, नाहीतर आज काहीच होणार नाही." बरोबर सांगितलं.

पॉट एमआयडीसीतल्या लेथवाल्या मामांकडून करून घेतलेला. तांब्याचा ७५ मिलीमीटरचा गोल बार, आतून पोखरून तळ एक इंच जाड ठेवलेला, तळाला आतल्या बाजूनं भोकं पाडलेली म्हणजे नायट्रोजनला भिडायला जास्त जागा मिळते. उरलेलं वजन सव्वादोन किलोच्या वर. तांबं लेथवर फार चिकटतं, टूलला बुरा धरतो, मामांनी हळूहळू तेल सोडत काढला. दिसायला एकदम देखणा. बुडाच्या जवळ एक बारीक भोक, त्यात के-टाईप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार. इथं एक सांगून ठेवतो, साध्या मल्टीमीटरला के-टाईपची सोय असली तरी बरेच मीटर उणे २० किंवा ४० च्या खाली दाखवत नाहीत, उणे २०० पर्यंत वाचणारा मीटरच लागतो.

बोर्डाला वॅसलीन, सॉकेटच्या आतसुद्धा, वरून एसीच्या पाईपला लावतात त्या काळ्या रबरी फोमचे तुकडे कापून, मागच्या बाजूला पण तसंच. पाण्याची भीती सगळ्यात मोठी. आणि इथं मराठवाड्याला देवानं दिलंय असं मी म्हणतो. मार्चअखेर लातूरला दुपारी ३८ डिग्री आणि दमटपणा २० टक्के असेल तर दव धरायचं तापमान ११ डिग्रीच्या आसपास येतं. त्याच दिवसात मुंबईला ३२ डिग्री आणि ६५ टक्के धरा, तिथं २४-२५ डिग्रीलाच पाणी सुटायला लागतं आणि हवेतलं बाष्प दुपटीपेक्षा जास्त. आपण उन्हाळ्याच्या नावानं बोटं मोडतो पण या खेळाला कोरडी हवा म्हणजे सोनं. उकाड्यानं नायट्रोजन थोडा जास्त जातो, तेवढं चालतं. ऑगस्टमध्ये मात्र इथंही करू नये.

सेशन दुपारी चारच्या सुमारास सुरू झालं. आधी पॉट साध्या तापमानाला, मग उणे ५०, उणे ८०, असं टप्प्याटप्प्यानं. उणे १०० ला आठही कोर ६.४ गीगाहर्ट्झला सिनेबेंच आर१५ व्यवस्थित पास झालं. व्होल्टेज १.७ च्या वर. सगळे खूश. मग उणे १२० ला ६.५ पण झालं. त्यानंतर उत्साहात पॉट भरभर उणे १५० ला नेला आणि तिथून गाडी अडली. डेस्कटॉपवर नुसतं बसून राहिलं तर मशीन ठीक, लोड दिला की गोठलं. ६.५ ला, ६.४ ला, ६.३ ला पण. व्होल्टेज वाढवून बघितलं, उलट लवकर गोठलं. आणि मग तो गलका, कोल्ड बग, कोल्ड बग.

मी वहीत बघत होतो. पहिली गोष्ट, कोल्ड बग तापमानावर लागतो, लोडवर नाही. उणे १५० ला चिपला कोल्ड बग असेल तर ती रिकामी बसली तरी मेली पाहिजे, किंबहुना रिकामी असताना आधी मेली पाहिजे कारण तेव्हा ती जास्त थंड असते. इथं रिकामी असताना आरामात चालतेय आणि गरम व्हायला लागली की मरतेय. हे उलटं झालं.

दुसरी गोष्ट मी आग्रहानं करायला लावली. पॉट परत उणे १०० ला आणा आणि तेच ६.४ लावा जे तासाभरापूर्वी पास झालं होतं. झालं नाही. गोठलं. सगळे गप्प झाले. तेच तापमान, तेच व्होल्टेज, तीच फ्रिक्वेन्सी, आणि निकाल वेगळा. म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदललं, आणि ते पॉट गरम करून परत येत नाही. कोल्ड बग असा मागं काही ठेवून जात नाही.

मग शेजारच्या एकाने लाईटवर संशय घेतला. "व्होल्टेज पडलालंय की रं संध्याकाळचं, इन्व्हर्टर खटखट करलालंय." संशय चुकीचा नव्हता. इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना मध्ये बारीक गॅप पडते, त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडला नसेल तर ती गॅप मोठी असते आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडू शकतो. पण मरण्याची तऱ्हा बघा ना. लाईटने मेलेलं मशीन पूर्ण बंद होतं, पंखे थांबतात, परत पहिल्यापासून सुरू होतं. हे गोठत होतं, पंखे चालू होते. तरी मीटर लावून १२ व्होल्टची लाईन लोडवर बघितली, ११.९ च्या खाली आली नाही. सप्लाय चांगला होता, शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट घेणारा. लाईटवरचा संशय मिटला.

पाणी? पाण्याचा त्रास वेळेबरोबर वाढत जातो, आणि पॉट गरम केल्यावर तर जास्तच, कारण तेव्हा बर्फ वितळतो. आम्ही पॉट २५ डिग्रीपर्यंत आणला तर मशीन साध्या फ्रिक्वेन्सीला टकाटक. फोम उचलून टिश्यू लावून बघितला, कोरडा.

राहिला एकच, पॉट आणि चिपचा संपर्क. इथं खरी अडचण ही की एफएक्सच्या आतला सेन्सर शून्याच्या खाली काहीही दाखवतो, त्याच्यावर विश्वास ठेवताच येत नाही. आपल्याकडं आकडा एकच, पॉटचा. आणि पॉट थंड आहे म्हणजे चिप थंड आहे असं सगळे गृहीत धरतात. मध्ये थर्मल पेस्ट आहे, चिपची उष्णता पॉटला पोचवणारी, हे विसरतात.

आता वहीचा उपयोग झाला. पास झालेल्या रनच्या वेळी मी प्रत्येक दहा सेकंदाला पॉटचा आकडा लिहिला होता. साधा हिशोब आहे. एवढ्या व्होल्टेजला आठ कोर ३५० वॉटच्या आसपास उष्णता टाकतात. सव्वादोन-अडीच किलो तांब्याला त्या थंडीत १ डिग्री वाढायला साधारण साडेसातशे जूल लागतात. म्हणजे ओतणं थांबवलं तर पॉट दर दोन-सव्वादोन सेकंदाला १ डिग्री वर यायला पाहिजे. उणे १०० च्या रनला तसंच झालं होतं, ओतायला उशीर झाला की आकडा पटपट चढायचा, दुकानवाल्याची तारांबळ उडत होती. आणि उणे १५० ला? लोड दिला, आकडा जागचा हलेना. १५०, १५०, १४९, आणि गोठलं. दुकानवाला तेव्हा म्हणाला होता की आता पॉट छान स्थिर राहतोय, नायट्रोजन कमी लागतोय. सगळ्यांना ती चांगली बातमी वाटली होती. खरं तर तोच पुरावा होता. पॉटला उष्णता पोचतच नव्हती. चिप आतल्या आत तापत होती आणि पॉट वर निवांत थंड बसला होता. व्होल्टेज वाढवल्यावर लवकर का मरत होती तेही यात बसलं, जास्त वॉट, जास्त लवकर ताप.

पेस्ट तडकली होती. थंडीत पेस्ट दगडासारखी होते, भरभर खाली नेलं की तडा जातो. पॉट काढला तर मध्ये पेस्टचा पापुद्रा सुटून आलेला, काठाला मात्र नीट पसरलेली. धाकट्याने नवीन पेस्ट लावली, यावेळी हळूहळू खाली नेलं, उणे १०० पास, उणे १२० पास, उणे १४५ ला परत तेच. आता मात्र धाकटा वैतागला, चिपच खराब आहे म्हणाला.

पण परत काढल्यावर पापुद्रा त्याच जागी सुटलेला, बरोबर मध्यभागी, रुपयाएवढा. दोन्ही वेळा एकाच जागी तडकते म्हणजे दोष पेस्टचा नाही, जागेचा आहे. पॉटचं बूड स्वच्छ पुसलं, त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि मागून मोबाईलचा टॉर्च. मध्ये उजेडाची बारीक रेघ. चारही बाजूंनी फिरवून बघितलं, प्रत्येक वेळी मध्येच उजेड. बूड आत दबलेलं होतं, वाटीसारखं म्हणता येणार नाही इतकं कमी, पण होतं. लेथवर फेसिंग करताना टूल किंचित तिरकं सरकत असेल तर असं होतं, त्यात मामांची काही चूक म्हणता येणार नाही, त्यांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं की हे बूड आरशासारखं सपाट लागतं. साध्या तापमानाला पेस्ट ती पोकळी भरून काढते म्हणून काही कळत नाही, मध्ये जाड थर, बाजूला पातळ. आणि चिपची खरी गरम जागा तर तिच्यावरच्या धातूच्या झाकणाच्या मधोमधच असते. जाड थर थंडीत आधी तडकतो. संपलं कोडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या काचेच्या काउंटरवर पॉलिश पेपर चिकटवला, बुडाला मार्करनं जाळी काढली आणि घासायला बसलो. आधी ४०० नंबर, मग ८००, मग १२००, पाण्यावर. पहिल्या पाच मिनिटांत काठाची शाई गेली आणि मधला गोल जसाच्या तसा, तिथं पेपर लागतच नव्हता. तो निळा गोल हळूहळू बारीक होत गेला. हात सरळ ठेवायचा, एकाच बाजूला जोर द्यायचा नाही, थोड्या वेळानं पॉट पाव वळसा फिरवायचा. शाई पूर्ण जायला बराच वेळ लागला. मामा स्वतः बघायला आले आणि म्हणाले पुढच्या वेळी आधी बोला, सरफेस ग्राइंडरवर मारून देतो. घासलेल्या बुडावर पट्टी धरली, उजेड नाही.

संध्याकाळी जारमध्ये जेवढा उरला होता तेवढ्यावर परत लावलं. उणे १५० ला लोड दिल्यावर आकडा चढायला लागला, १४८, १४५, १४२, आणि दुकानवाल्याला परत पळापळ करून ओतावं लागलं. तो पहिल्यांदाच ओतताना हसत होता. ६.५ पास, ६.७ पास, उणे १८५ ला ६.८ पण पास. मग बाकीचे कोर बंद करून एकाच मोड्यूलवर (दोन कोरची जोडी) नुसतं सीपीयू-झेड व्हॅलिडेशन, म्हणजे लोड न देता फक्त फ्रिक्वेन्सीची नोंद, ७.५ च्या जरा वर मिळालं. १.९ व्होल्टच्या पुढं काहीच वाढेना, ती या चिपची स्वतःची हद्द. जगाच्या क्रमवारीत वरचा आकडा नाही हा, चांगल्या एफएक्स-८३५० आठच्या वर गेलेल्या आहेत. पण कोल्ड बगचा शिक्का बसलेल्या चिपनं उणे १८५ ला पूर्ण लोडवर टेस्ट पास केली. मला त्याचा आनंद ७.५ पेक्षा जास्त झाला.

एक गोष्ट मला अजून महत्त्वाची वाटते. पॉटचा आकडा लोडवर किती वेगानं चढतो हे बघायची सवय प्रत्येक सेशनला पाहिजे, सुरुवातीलाच, उणे ५० ला असतानाच. एकदा ओतणं थांबवून वीस सेकंद लोड द्या आणि आकडा लिहून ठेवा. आपल्या पॉटचं वजन माहीत असेल तर हिशोब दोन मिनिटांचा आहे. पुढं काही बिघडलं की तोच प्रयोग परत करा, चढण्याचा वेग तोच असेल तर संपर्क ठीक आहे, दुसरीकडं शोधा. वेग पडला असेल तर उगाच व्होल्टेज वाढवत बसू नका, चिप जाईल.

दुकानवाल्याच्या कपाटात याच पॉटवर 'कोल्ड बग' ठरवून चिठ्ठी लावलेले अजून दोन प्रोसेसर होते. एक इंटेलचा ३७७०के, त्याला पुढच्या सेशनला घासलेल्या पॉटखाली लावलं. उणे १०० पर्यंत मस्त, आणि ११० च्या आसपास डेस्कटॉपवर नुसता बसलेला असताना गोठला. फ्रिक्वेन्सी पार खाली आणली तरी तिथंच. हीटगनने पॉट उणे ९५ ला आणला की परत चालू, आणि आधीचा स्कोअर जसाच्या तसा. त्याला मात्र खराच कोल्ड बग आहे, तो उणे १०० ला धरून चालवायचा. त्याच्या चिठ्ठीवर धाकट्याने तापमान लिहून ठेवलंय. दुसरा एफएक्स-६३०० आहे, त्याची चिठ्ठी काढून टाकलीय आणि तो संक्रांतीनंतर लावायचा ठरलाय, तोपर्यंत जार डेअरीवाल्याला परत दिलाय.